दहावा झटका

दुपारी बाराच्या आत पोरीला आणखी एक झटका आला, तरच घड्याळजीचं नशीब उघडणार होतं. त्याने मांडीवरच्या आठ वर्षांच्या ठकूच्या पापण्यांकडे पाहिलं, मग दवाखान्याच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे. ते दोन मिनिटं मागे होतं. एरवी त्याने सिस्टरला टोकलं असतं. आज ती दोन मिनिटं त्याने मुकाट्याने खिशात घातली.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, "मेंदूला आतून सूज आहे. सुजेने झटके येतात, झटक्यांनी सूज वाढते. आजवरची औषधं झटका दाबत होती. हे नवं औषध सुजेवर आहे." पण ते अजून चाचणीत होतं, आणि चाचणीत घेण्याचे नियम कडक: अठ्ठावीस दिवसांत दहा झटके, प्रत्येकाचं मोबाईलवर चित्रण. आज अठ्ठाविसावा दिवस. वहीत नऊच.

तीन वर्षं जो पाहुणा दारात नको होता, त्याच्याच वाटेकडे आज नवराबायको डोळे लावून बसले होते.

"बापावर गेलीय," बायको पुटपुटली. "वेळेला कधी उपयोगी पडायची नाही."

तो हसला नाही. बायकोचे डोळे लाल होते, पोरीचेही. जागरण झालं की ठकूला झटका येतो, हे दोघांनाही पाठ होतं. त्याने काही विचारलं नाही. फक्त मोबाईलचं चार्जिंग पाहिलं.

बाराला दहा कमी असताना ठकूची मान डावीकडे वळली, हात ताठ झाला. त्याने तिला कुशीवर निजवलं. बायकोने मोबाईल धरला. तो सेकंद मोजत गेला. एकशे चाळीस. आधीचा एकही नव्वदच्या पुढे गेला नव्हता.

सिस्टरने वही ओढली. "काल झोप नीट झाली होती ना?"

"छान झाली," दोघं एकदमच म्हणाले.

अर्ध्या तासाने ठकूने डोळे उघडले. ओठ चावला गेला होता.

"झाले दहा?"

ओठ टिपणारा त्याचा रुमाल थांबला.

"आई गोष्ट सांगता सांगता झोपून गेली," ठकू म्हणाली. "मग झोप लागू नये म्हणून मीच चिमटे काढत बसले. बघ."

तिने बाही वर केली. बायकोने भिंतीकडे तोंड फिरवलं.

घड्याळजीने निळे डाग मोजले. सतरा. वहीत त्यांच्यासाठी रकाना नव्हता.