दारू तोलणाऱ्या काट्यावरचा आळ

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. पायात रुततो तो नव्हे आणि घड्याळात फिरतो तोही नव्हे. मी तोलतो. काडतुसात भरायची बंदुकीची दारू तोलणं हे माझं काम. तिळाएवढा फरक पडला तरी माझी दांडी हलते. आणि तरीही एका भरल्या बैठकीत मला खोटा ठरवण्यात आलं. ज्या माणसानं मला खोटं ठरवलं, त्याच माणसानं मला वर्षानुवर्षं मऊ फडक्यानं पुसलं होतं.

माझा पाया ओतीव लोखंडाचा आहे, दांडी हलकी आहे आणि एका टोकाला बोटाच्या पेराएवढं पारडं टांगलेलं आहे. मी कुठल्या कारखान्यात घडलो ते मला आता आठवत नाही. आठवतात ते मारुतीरावांचे हात. मारुतीराव नंदगडजवळच्या एका खेड्यातले. लष्करात त्यांनी हत्यारं दुरुस्त करण्याचं काम केलं आणि निवृत्त झाल्यावर बेळगावात, टिळकवाडीच्या पुढे असलेल्या एका नेमबाजी क्लबात नोकरी धरली. क्लबाकडे काडतुसं भरण्याचा परवाना होता. मारुतीराव मला आपल्या पेटीतून घेऊन आले आणि खिडकीपासून लांब, वारा लागणार नाही अशा कोपऱ्यातल्या टेबलावर त्यांनी मला बसवलं.

काम सुरू करण्याआधी ते माझ्या पारड्यात एक पितळी वजन ठेवत. दांडी बरोबर रेषेवर थांबली की म्हणत, "शाबास रं माझ्या वाघा!" माणसं वस्तूंशी बोलतात तेव्हा वस्तूंना ते ऐकू येतं, मित्रांनो. मला त्या शाबासकीची सवय झाली होती.

क्लबात पिस्तूल शिकायला मुलंमुली येत. त्यांच्यात क्षमा होती, सदलग्याची; तिकडच्या मुलींसारखी 'मी येतो, मी जातो' असं बोलणारी. तिचे वडील बाळगोंडा जैन शेतकरी. मुंगी दिसली तरी पाय बाजूला घेणारा माणूस. लेकीनं हातात पिस्तूल धरलेलं त्यांना बघवत नव्हतं. पहिल्या दिवशी ते दारातच उभे राहिले होते. क्षमा त्यांना म्हणाली, "आप्पा, हितं कागद फुटतोय, जीव न्हाय." जाताना ते मारुतीरावांपुढे हात जोडून म्हणाले, "पोरगी तुमच्या वटीत घातली बघा."

क्षमाचा हात दगडासारखा स्थिर होता. मारुतीरावांनी तिला नेम तर शिकवलाच, पण दारू कशी निवडायची तेही शिकवलं.

"दारू दारूसारखी नसती गं," ते सांगत. "पिस्तुलाची नळी वीतभर. गोळी भाईर पडायच्या आत दारू जळून गेली पायजे. रायफलीची दारू निवांत जळती, ती हितं कामाची न्हाय, अर्धी कच्चीच उडून जाती. आणि लई तापट घेतलीस, तर जरा जादा पडली की पिस्तूल फुटलंच समज."

"मग निवडायची कशी, अण्णा?" क्षमानं विचारलं.

"आधी बनवणाऱ्यानं काय सांगितलंय ते बघायचं. आपलं डोकं चालवायचं न्हाय. त्यानं सांगितलेल्यातली, काडतुसाची पुंगळी चांगली भरंल अशी घ्यायची. चुकून दोनदा पडली तर उतू गेली पायजे. चूक डोळ्याला दिसली पायजे, पोरी." मग माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "ह्या काट्याला वजन कळतंय, दारूचा सोभाव कळत न्हाय. ते आपण बघायचं. म्हणून टेबलावर एका टायमाला एकच डबा. आणि ज्या डब्यावरचं नाव गेलं, त्यातली दारू माळावर नेऊन जाळायची. कितीबी भारी असू दे."

हे सगळं सौरवसुद्धा ऐकत असे. सौरव म्हणजे मारुतीरावांच्या बहिणीचा, गुणाबाईचा मुलगा. नवरा गेल्यावर गुणाबाईनं त्याला हालात वाढवलं होतं. मारुतीरावांनीच शब्द टाकून त्याला क्लबात कोठाराचं काम मिळवून दिलं. स्वभावानं तो वाईट नव्हता. पण "चालतंय की, मामा" हे त्याच्या तोंडी बसलं होतं.

त्या पावसाळ्यात राज्य स्पर्धा जवळ आली. पिस्तुलाच्या दारूचा डबा तळाला गेला होता. नवीन डबा मागवायचं काम सौरवचं, आणि तो ते विसरला होता. मामा रागावतील म्हणून त्यानं ते कुणाला सांगितलंच नाही. कोठारात छऱ्याच्या काडतुसांची दारू शिल्लक होती. तीसुद्धा करड्या रंगाची, तशाच बारीक चकत्यांची, पण कितीतरी तापट. दुपारी खोलीत कुणी नसताना सौरवनं ती दारू आमच्या डब्यात ओतली, डबा हलवला आणि झाकण लावलं. नाव बाहेरून तेच राहिलं.

मी हे सगळं समोरून पाहिलं. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

दुसऱ्या दिवशी मारुतीरावांनी तो डबा घेतला, नाव वाचलं, मला तपासलं आणि क्षमासाठी काडतुसं भरायला बसले. पारड्यातली दारू पाहून त्यांचा हात थांबला.

"आज ढीग येगळाच दिसतोय रं, सौरव."

"हवा दमट हाय, मामा. दारू बसल्याली असंल."

मारुतीरावांनी क्षणभर डब्याकडे पाहिलं आणि मग भाच्याकडे. भाच्यावर विश्वास ठेवून त्यांनी काम पुढे चालू केलं. मी प्रत्येक वेळी अचूक तोललं. पण मी काय तोलत होतो, ते मला सांगता येत नव्हतं.

सरावाच्या वेळी भिंतीपलीकडून नेहमीचे आवाज येत होते. मग एक आवाज वेगळाच आला, फुटका. त्यापाठोपाठ किंकाळी.

क्षमाच्या हातात पिस्तूल फुटलं होतं. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून डोळे वाचले. उजव्या हाताचा अंगठा मात्र चिरफाळला. तिला दवाखान्यात नेल्यावर मारुतीराव खोलीत आले. त्यांच्या सदऱ्यावर तिचं रक्त होतं. त्यांनी पितळी वजन माझ्या पारड्यात ठेवलं. दांडी रेषेवर थांबली. त्यांनी पुन्हा ठेवून पाहिलं. दांडी पुन्हा रेषेवरच. मग त्यांनी डब्यातली चिमूटभर दारू पांढऱ्या कागदावर पसरली आणि भिंग धरलं. चकत्या दोन जातींच्या होत्या.

सौरव दारात उभा होता. मामांचा चेहरा पाहताच तो त्यांच्या पायांवर कोसळला.

"मामा, चुकलो! डबा मागवायचा इसरलतो. वाटलं, थोडीशीच तर हाय. मला पोलिसात देऊ नका, मामा. आई जीव दील."

मारुतीराव खाली बसले. मग त्यांनी तो डबा उचलला, पाऊस उघडल्यावर माळावर नेला आणि जाळून आले.

क्लबाच्या कमिटीची बैठक त्याच खोलीत भरली. मी टेबलावर सगळ्यांच्या मधोमध होतो. अध्यक्षांनी विचारलं, "मारुतीराव, हे झालं कशानं?"

मला काळजी नव्हती. हा माणूस मला ओळखत होता. मी बरोबर आहे हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

मारुतीरावांनी खाली बघत सांगितलं, "काटा जुना झालाय, सायेब. सरकला असंल."

मित्रांनो, त्या क्षणी माझी दांडी हललीसुद्धा नाही. पण आत काहीतरी मोडलं. सौरवनं केलं त्याचा मला राग आला होता. मारुतीरावांनी केलं त्याला मी काय म्हणू? परका खोटं बोलला तर माणूस सोसतो. इथं माझं खरेपण ज्याच्या हातात होतं, त्यानंच ते उचलून फेकून दिलं. कमिटीनं विजेवर चालणारा नवा काटा आणवला. मला एका पोत्यात घातलं आणि निशाणाच्या मोडक्या पाट्यांबरोबर जिन्याखाली टाकलं. मारुतीराव त्या जिन्यावरून रोज जात. एकदाही त्यांनी पोत्याकडे पाहिलं नाही.

पाऊस सरला, थंडी आली. एके सकाळी जिन्याजवळ ओळखीचा आवाज आला. "जुना काटा कुठाय, अण्णा?"

क्षमा आली होती. सोबत बाळगोंडा होते. काटा सरकला, असंच क्षमालाही सांगितलं होतं. तिचा अंगठा ताठ झाला होता, वळत नव्हता. त्या दिवशीच्या काडतुसांतली उरलेली तिच्या डबीत राहिली होती, तीच परत द्यायला ती आली होती.

"ठेव हितं. मी बघतो काय करायचं ते," मारुतीराव घाईनं म्हणाले.

"न्हाय अण्णा. माझ्यासमोर उघडा. काटा किती सरकलता ते मला बघायचंय."

मला पोत्यातून काढून टेबलावर ठेवलं गेलं. मारुतीराव एकेक काडतूस जपून उघडत गेले आणि क्षमा त्यातली दारू आधी नव्या काट्यावर, मग माझ्या पारड्यात घालत गेली. दोन्हीकडे वजन तेच आलं. प्रत्येक काडतुसाचं तेच, जेवढं असायला हवं तेवढंच.

क्षमानं मान वर केली. "काटा तर बरोबर हाय, अण्णा. मग?"

मारुतीरावांना पुढचं काडतूस उघडता आलं नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं. कोठार, डबा, सौरव, कमिटीपुढचं खोटं. "गुणाबाईचा एकुलता एक हाय गं," ते म्हणाले. "बहिणीच्या पोराला कसा बुडवू?"

"आणि मी कोण हुतो, अण्णा?" क्षमानं विचारलं.

दाराशी उभे असलेले बाळगोंडा पुढे आले आणि इतकंच म्हणाले, "तुमच्या वटीत घातलीती मी."

मारुतीराव त्याच दुपारी कमिटीपुढे गेले. सौरवचं काम गेलं आणि चौकशी मागे लागली. मारुतीरावांनी स्वतःहून नोकरी सोडली. गुणाबाई भावाशी बोलायची बंद झाली. खरं उशिरा बोललं की असंच होतं. ज्याला वाचवायचं तो वाचत नाही आणि ज्याचं गेलं त्याला ते परत मिळत नाही.

क्षमानं पिस्तूल डाव्या हातात धरलं. सुरुवातीला तिच्या गोळ्या कागदाच्या बाहेर जात. आता ती स्पर्धेतही उतरते आणि क्लबात नव्या मुलांना शिकवतेसुद्धा. दारूची निवड तीच करते, आणि मी पुन्हा तिच्या टेबलावर आहे. कधीतरी मारुतीराव येतात. ती उठून त्यांना खुर्ची देते, चहा देते, गुडघ्याची चौकशी करते. परवा बोलता बोलता त्यांचा हात सवयीनं दारूच्या डब्याकडे गेला. क्षमानं शांतपणे डबा आपल्याकडे ओढून घेतला आणि म्हणाली, "राहू दे अण्णा, मी बघतो."

म्हातारा हात टेबलावर तसाच पडून राहिला. माझ्यापासून अगदी जवळ.

मित्रांनो, आम्ही मुकी अवजारं आहोत. आम्हाला पुसा, वाऱ्यापासून जपा, आणि आमच्यात खोट निघालीच तर खुशाल भंगारात काढा. पण माणसाचा दोष झाकायला आमच्यावर आळ घेऊ नका. आम्ही उलट उत्तर देत नाही, म्हणून आळ घेणं सोपं जातं. त्याचं दुखणं मात्र आळ घेणाऱ्याच्याच हाताला जन्मभर राहतं.