वाढत्या अंगाची कुबडी

मी कुबडी बोलतेय. आजवर जे काही बोलले ते उभ्यानं, आणि तेही टक् टक् एवढंच. आज मोडून आडवी पडले आहे, म्हणून जरा सविस्तर बोलते. वेळणेश्वरात रावजी मेस्त्रींच्या पडवीत, रंधा मारायच्या फळीवर मी पडून आहे. दुपारची वेळ आहे. बाजूच्या चुलीवर लाकूड चिकटवायचा सरस वितळतोय. दमले आहे हो मी. आठ वर्षांत पहिल्यांदा पाठ टेकलीय.

मी जातीची शिवण. हलकं लाकूड, चट्कन तडकत नाही. खरं तर माझा पाट व्हायचा होता. पाट झाले असते तर माणसं माझ्यावर बसून जेवली असती, ढेकर देऊन उठली असती आणि माझा जन्म भिंतीला टेकून सुखात गेला असता. पण ऐंशी साली मेस्त्रींची चिमा हायस्कुलात जायला निघाली आणि माझं नशीब फिरलं.

चिमा तेव्हा बारा वर्षांची. दोन वर्षांची असताना पोलिओ झाला आणि डावा पाय काडीसारखा राहिला. डाव्या हातानं गुडघा दाबत, वाकून वाकून चालायची. तशी हायस्कुलाची चढण चढणं जमणार नव्हतं. म्हणून रावजींनी पाटाचं लाकूड घेतलं, तिला खांबाला उभी करून मापलं आणि मला घडवलं. डोक्यावर काथ्याची उशी, तिच्यावर जुन्या लुगड्याचं कापड, पायाला टायरचा तुकडा.

चिमानं मला काखेत घेतलं आणि दोन पावलं टाकून थांबली.

"बाबा, ही टोचतेय."

"असूंदे गो. वाढत्या अंगाची केलीय. वरसभरात बरोबर होईल."

त्या घरात सगळंच वाढत्या अंगाचं. फ्रॉकला आत चार बोटं दुमड, चपलेत पुढे चिंधीचा बोळा. पोर वाढणार, वस्तू पुन्हा पुन्हा कोण करणार? त्यात प्रेमच होतं, हे मी काखेत राहून सांगते. चिमा वर्षभरात वाढली, मी बरोबर झाले, तोवर रावजींनी तुकडा सांधून मला पुन्हा दोन बोटं लांब केलं. असं दोनदा झालं. मी तिच्या मापाची अशी फार थोडे दिवस होते.

शेजारी धाकूमामांचं घर. वीस वर्षं बोटीवर खलाशी होते, आता कायमचे घरी आलेले. बोटीवर फावल्या वेळात टेबल टेनिस खेळायचे, त्याच्या दोन बॅटी आणि चेंडूंचा डबा एवढी त्यांची मिळकत म्हणायची. बाकीची मिळकत त्यांची बायको मोजायची. धाकूमामांनी पडवीत चिऱ्यांचे खांब रचले, वर रावजींकडून आंब्याच्या फळ्या बसवून घेतल्या आणि होडीला लावायचा हिरवा रंग फासला. झालं टेबल.

गावातली माणसं चार दिवस खेळली आणि कंटाळली. चिमा कंटाळली नाही. धावायची वेळ येऊ नये म्हणून ती टेबलाला चिकटून उभी राहायची आणि चेंडू उसळल्या उसळल्या परतवायची. लांब चेंडू आला तर मला टेबलाखालच्या चिऱ्याला टेकवायची आणि तिथून रेटा घेऊन झेप घ्यायची. चिरा कसला हलतोय! धाकूमामा घामाघूम व्हायचे आणि खूश होऊन शिव्या द्यायचे.

ब्याऐंशी साली पुण्याला अपंगांची राज्य स्पर्धा होती. धाकूमामांनी तिला एस.टी.त घातलं आणि स्वतःही शेजारी बसले. तिथलं टेबल लोखंडी पायांचं, देखणं. चिमानं सवयीनं मला त्या पायाला टेकवून रेटा घेतला आणि टेबल सरकलं. पंचांनी समोरच्या मुलीला गुण दिला. टेबल हलवलं की गुण जातो, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं! आमचं टेबल कधी हललंच नव्हतं ना. ठाऊक झाल्यावरही सवय जाईना. पहिल्याच फेरीत हरलो.

परतीच्या वाटेवर चिमा खिडकीबाहेर बघत राहिली. चिपळूण गेल्यावर धाकूमामा म्हणाले, "तुझा काय चुकला नाय. माझा चिरा चुकला."

घरी आल्यावर त्यांनी चिरे काढले आणि फळ्या रिकाम्या पिंपांवर ठेवल्या. जरा धक्का लागला की टेबल डुगडुगायचं. त्या डुगडुगत्या टेबलावर चिमा वर्षभर खेळली, धक्का न लावता खेळायला शिकली आणि त्र्याऐंशी साली राज्यात पहिली आली. चौऱ्याऐंशीलाही आली, शहाऐंशीलाही आली.

आता माझी बाजू ऐका. चिरा होता तेव्हा निम्मा भार चिरा सोसायचा. चिरा गेला आणि सगळा भार माझ्यावर आला, म्हणजे तिच्या काखेवर. शिवाय सर्व्हिस करताना चेंडू डाव्या तळहातावर ठेवून वर उडवायचा असतो. तेव्हा ती माझी मूठ सोडायची आणि नुसती काखेवर लोंबकळायची. दिवसातून पाचशे वेळा. मी आधीच दोन बोटं लांब. मी तिच्या काखेत रुतत होते, हे मला कळत होतं. पण कुबडीनं करायचं काय? वाकले असते तर ती पडली असती.

सत्कार खूप झाले. त्यांची आठवण काढली तरी माझे सांधे दुखतात. स्टेजवर पाहुणे बसलेले असायचे, आणि त्यांची भाषणं संपेपर्यंत चिमा हार घालून उभी. "अपंग असूनही" या दोन शब्दांशिवाय भाषण सुरू झालेलं मी ऐकलं नाही. मग फोटोवाला यायचा आणि म्हणायचा, "ताई, ती कुबडी जरा मागे घ्या." तिचे सतरा फोटो भिंतीवर आहेत, एकातही मी नाही. राग नाही माझा. माणसांना कप दिसलेला आवडतो, टेकू दिसलेला नाही.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर चेंडू तिच्या तळहातावरून घरंगळायला लागला. घाम असेल म्हणून तिनं हात पुसला. मग एक दिवस चहाचा गरम ग्लास तिनं डाव्या हातात धरला आणि तसाच धरून बोलत राहिली. बोटं लाल झाली तरी तिला कळलं नाही. ते बघून रावजींनी तिला रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी हात तपासला. मग तिला माझ्यासकट उभं केलं आणि काखेत बोटं घालून बघितली. बोट जाईना.

"इथे तीन बोटं जागा हवी. भार हातावर घ्यायचा असतो, काखेवर नाही. कुबडी एवढी लांब कुणी केली?"

रावजी स्टुलावर बसले होते. आपल्याच हातांकडे बघत म्हणाले, "वाढत्या अंगाची केली होती."

चिमा तेव्हा वीस वर्षांची होती. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. माझ्या दाबानं काखेतली नस चेंगरली होती. नुसती कापून लहान करूनही आता भागणार नव्हतं. सहा महिने कुबडी पूर्ण बंद, तर हात परत येईल. नाहीतर बोटं कायमची जातील.

आणि नेमकी त्याच महिन्यात राष्ट्रीय स्पर्धेची निवड आली. तीन महिन्यांवर दिल्ली. डॉक्टरांनी चाकाच्या खुर्चीची चिठ्ठी दिली, कुणा संस्थेनं खुर्ची पाठवलीही. "बसून खेळणाऱ्यांचा गट असतो, त्यात नाव घालता येईल," असं धाकूमामांनी चार वेळा सांगितलं. चिमानं खुर्चीवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाही.

"बसूनच खेळायचा होता तर उभी कशाला केलात मला?" ती म्हणाली. "दिल्ली होऊंदे. मग काय तां बघू."

ती मला घेऊन पुन्हा टेबलापाशी उभी राहिली. चेंडू हातावर राहतोय की नाही हे आता ती डोळ्यांनी बघायची. मी रोज रुतत होते. कधी कधी वाटायचं, पाट झाले नाही ते नाहीच, निदान जळण तरी व्हायला हवं होतं.

काल सकाळी तिनं लांबचा चेंडू घेतला आणि माझा जुना सांधा उकलला. मुद्दाम मोडले असं म्हणायला मला आवडलं असतं. पण तसं नाही, मी नुसती थकले होते. चिमा कोपरावर पडली. उठायच्या आधी तिनं मला उचललं, दोन्ही तुकडे जोडून बघितले, आणि रावजींना हाक मारली.

आता रावजी माझ्यासमोर बसले आहेत. सरस तयार झालाय. लोखंडी पट्टी कापून ठेवलीय. ती बसवली की मी आणखी दहा वर्षं मोडत नाही, त्यांच्या हाताची मला खात्री आहे. दोनदा त्यांनी ब्रश सरसात बुडवला आणि दोनदा तसाच ठेवला. अंगणातून चिमाचा आवाज येतोय.

"बाबा, झाला काय?"

रावजींनी पुन्हा ब्रश उचललाय.

रावजी, नका सांधू मला. ती रडेल, चार दिवस जेवणार नाही, तुमच्याशी बोलणार नाही. दिल्लीही कदाचित हुकेल. पण हात राहील तिचा. पोरगी अपंग म्हणून या घरात तिला आजवर कुणी कशाला नाही म्हटलं नाही. मला तोंडच नव्हतं. तुम्हाला आहे. एकदा तिला नाही म्हणा.