सोडला की सोडा?

सून नळजोडणीची कामं करायची. गळक्या टाक्या, तुंबलेले पाइप, सैल पडलेले नट यांच्याशी तिचं रोजचंच भांडण. त्यामुळे सासऱ्यांच्या जुन्या व्हॅनच्या मागच्या चाकाखाली तेलकट डाग दिसला आणि ब्रेकचं पॅडल भसकन खाली गेलं, तेव्हा तिने गॅरेजला फोन केलाच नाही. शिवाय ब्रेक नसलेली गाडी गॅरेजपर्यंत नेणार कशी?

"पाइप तो पाइप," ती नवऱ्याला म्हणाली. "पाण्याचा काय नि ब्रेकच्या तेलाचा काय!"

गाडी उचलून खाली लोखंडी घोड्यांचा टेकू दिला आणि ती आत सरकली. पाइप जिथे चाकाला जोडला होता तिथला नट गंजून घट्ट बसलेला. पाना लावला तर सटकला, पुन्हा लावला तर नटाच्या कडाच घासून गोल झाल्या. मग तिने सासऱ्यांकडे पकड मागितली, पण स्वतःच हत्यारांच्या डब्यात हात घालून घेतली आणि नट आवळून जोर दिला. नट फिरला, पण त्याला चिकटलेला पाइपही त्याच्याबरोबर पिळवटत गेला आणि कटकन तुटला.

"तुटला ना?" सासऱ्यांनी विचारलं. ते जवळच स्टुलावर बसले होते. शाळेच्या मुलांची ने-आण करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि या व्हॅनचा प्रत्येक आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

"तुटला. तेवढं टोक कापते आणि नवीन नट घालते."

पाइपचं तोंड फुलवायचं हत्यार तिने दुकानातून मागून आणलं होतं. तिने पाइप सफाईने कापला, तोंड छान फुलवलं आणि मग हातातल्या नटाकडे बघत राहिली. नट आधी ओवायचा राहिला होता. आता तो फुललेल्या तोंडावरून जाणार नव्हता. सासरे खो खो हसले. तिलाही हसू आलं. पुन्हा कापणं, पुन्हा फुलवणं. नटाच्या आट्यांवर ती सवयीने टेप गुंडाळायला लागली, तर सासऱ्यांनी हात धरला.

"टेप नको. इथे आटे तेल अडवत नाहीत गं, ते फुललेलं तोंड अडवतं."

तिने टेप काढून टाकली. माणूस इतकं नेमकं बोलत असेल, तर घरात चाललंय ते काय? गेले काही दिवस सासरे एकच गोष्ट दोनदा विचारायचे. नळ चालू ठेवून निघून जायचे. पाव आणायला गेले आणि रिकाम्या हाताने परत येऊन, "मला कुणी सांगितलंच नाही," म्हणाले. नवऱ्याने सोमवारची डॉक्टरांची वेळ घेतली होती. तिला ते घाईचं वाटत होतं, आणि नव्हतंही.

जोड आवळून झाला. आता पाइपमधली हवा काढायची होती. सासरे ड्रायव्हरच्या जागेवर बसले. ती चाकाशी आडवी झाली. चाकावरच्या छोट्या स्क्रूला तिने पारदर्शक नळी लावली आणि नळीचं दुसरं टोक बाटलीत सोडलं. सासऱ्यांनी पॅडल दाबून धरायचं, तिने स्क्रू ढिला करायचा, तेल नि हवा बाहेर आली की आवळायचा, आणि मगच त्यांनी पाय उचलायचा. एवढं साधं.

"दाबा!"

"दाबलं."

"सोडला! ... आवळला. आता सोडा!"

नळीतून बुडबुडे आले. यायचेच. पण पुढच्या वेळीही आले. त्याच्या पुढच्या वेळीही. पॅडल होतं तसंच मऊ. तिने जोडाभोवती कागद गुंडाळून पाहिला, तो कोरडा ठणठणीत. ब्रेकच्या तेलाची वरची डबीही भरलेली. मग ही हवा येते कुठून? तिचं डोकं चक्रावलं. आपण तोंड वाकडं फुलवलं का? नट चुकीचा आहे का? जोड सोडून पुन्हा आवळला, तरी तेच.

नवरा बाहेर आला. तिने त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"बाबांच्या लक्षात राहत नसेल," तो हळूच म्हणाला. "कधी धरायचं, कधी उचलायचं."

तिच्या मनात तीच पाल चुकचुकत होती, पण त्याने ती बोलून दाखवल्यावर तिला रागच आला. "तू चाकाशी बस. मी म्हणते तसंच म्हण," ती म्हणाली आणि ड्रायव्हरच्या दाराशी उभी राहिली.

"दाबा!" नवरा ओरडला.

सासऱ्यांचा पाय खाली गेला आणि तिथेच राहिला.

"सोडला!"

पाय वर आला.

"बाबा, पाय का उचललात?"

"म्हणजे? सोडा म्हणाला ना तो!"

तिने कपाळावर हात मारला. "अहो, तो 'सोडला' म्हणाला! स्क्रू सोडला!"

"मग स्क्रूशी बोला की! मला कशाला सांगता?"

तिघंही हसत सुटले. स्क्रू उघडा असताना पाय उठला की पाइप बाहेरची हवा ओढून घेत होता. पुन्हा सुरुवात झाली, या वेळी 'उघडला' आणि 'मिटला' म्हणत. हळूहळू बुडबुडे थांबले, पॅडल टणक झालं. गल्लीत अगदी सावकाश चालवून तिने ब्रेक मारला. व्हॅन जागच्या जागी थांबली.

शेजारी सासरे बसले होते. तिचा जीव भांड्यात पडला होता. "बाबा, सोमवारचं रद्द करायला सांगते. उगाच घाबरलो आम्ही. चूक माझ्याच शब्दांची होती."



"रद्द नको करू," ते म्हणाले. "शब्द तुझा होता, खरंय. पण मघाशी तू पकड मागितलीस ना, तेव्हा डबा माझ्यासमोर उघडा होता, आणि पकड म्हणजे कुठली तेच मला सुचेना. तू स्वतःच हात घालून घेतलीस, म्हणून कळलं नाही कुणाला."

हे आधी का नाही सांगितलंत, म्हणावं, की आज सांगितलंत ते बरं केलंत?

"कधीकधी होतं असं, बाबा," ती शेवटी म्हणाली.

"होतं," ते म्हणाले. "ते कधीकधी आहे की आणखी काही, तेवढं विचारून येऊ. तू चल माझ्याबरोबर. तो फार घाबरतो."

तिने मान हलवली आणि व्हॅन घराकडे वळवली.