ओसरीवरची चौकशी

चप्पल न काढता, उंबऱ्याबाहेरूनच कालिंदीने विचारलं,

"घरात कुणी आजारी न्हाई ना?"

आतली बाई "न्हाई" म्हणाली. त्या एका शब्दाने आजारपणाचे पुढचे सगळे प्रश्न गळाले आणि कालिंदी शेजारच्या दाराकडे वळली. घरोघर सर्वेक्षणं करण्यात तिची उमर गेली होती. 'व्हय' म्हणणारं माणूस सकाळ खातं, हे ती पहिल्याच वर्षी शिकली होती.

ज्योती अजून पहिल्याच घरात बसून होती. नवी पोरगी. प्रश्न विचारायची आणि गप्प राहायची. मग लोक आठवून आठवून सगळी दुखणी सांगत बसायचे. कालिंदीला तिची कीवही येत नसे. असल्या बावळटांना कुणी कामावर घेतं तरी कसं, एवढंच तिला वाटे.

आरोग्य सर्वेक्षणाची आखणी उद्धवसरांकडे होती. जुन्यांना जास्त घरं, नव्यांना कमी, अशी त्यांची रीत. पुढच्या फेरीत ज्योतीला घेऊच नका, असं कालिंदीने त्यांना सांगून टाकलं होतं. दुपारी फोन करून ठरवतो, असं ते म्हणाले होते.

स्वतःच्या घरची माहिती स्वतः घ्यायची नाही, असा नियम. म्हणून बाळापुरातली कालिंदीची गल्ली ज्योतीच्या वाट्याला आली. कालिंदी जेवायला घरी आली, तेव्हा ज्योती ओसरीवर कालिंदीच्या सासूसमोर, नानीबाईंसमोर, मांडी घालून बसलेली.

"अजून इथंच? आमच्या घरात कुणाला काही न्हाई. न्हाई लिही आणि ऊठ."

ज्योती उठली नाही. तिने नानीबाईंकडे पाहिलं.

"डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई मला," नानीबाई तिलाच म्हणाल्या. "दिवाळीपासून. तांदळात खडे राहतात, मग हिची बोलणी खाते."

"मला काहून न्हाई सांगितलं?" कालिंदीने विचारलं.

"तुला घाई असती." नानीबाईंच्या आवाजात राग नव्हता. "जा, चहा ठेव. आमचं व्हायचंय अजून."

कालिंदी आत गेली. पातेलं हातात घेतलं तोच फोन वाजला. उद्धवसरांचा होता. तिने तो चटकन बंद केला. बाहेर ज्योती हळू आवाजात पुढचा प्रश्न विचारत होती. पातेलं ओट्यावर टेकलं तर आवाज होईल, म्हणून ते तसंच छातीशी धरून कालिंदी भिंतीला कान लावून उभी राहिली.