नव्व्याण्णव सेकंद

ज्युलियसने काळ्या पडद्यावर हुकूम टाइप केला, मेनूची फाइल उघडली आणि तिच्यातल्या ओळी भराभर उडवल्या. कॉम्प्युटर लावल्यावर जी यादी समोर यायची, तिच्यात आता दोनच कामं उरली: लिहिणे आणि बंद. गेल्या ईस्टरला सात होती. थोरल्या भावाची, फ्रेडरिकची, बोटं एकेक करून कामातून गेली, तसा ज्युलियस रविवारी विरारहून भुईगावला येऊन यादी छाटत राहिला. डॉक्टरांनी नसांच्या आजाराचं भलंमोठं नाव सांगितलं होतं, औषधाचं मात्र एकही नाही.

फ्रेडरिक शाळेत मास्तर होता. गावातल्या वाड्या, विहिरी, केळीच्या जाती, सगळं त्याला लिहून ठेवायचं होतं. मशीनला मराठी येत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत त्याने अठरा पानं केली. एकोणिसावं अडीच ओळींवर अडकलं, त्याला तीन महिने झाले.

"दादा, नुसता स्पेसबार दाबलास तरी लिहायचं उघडेल."

फ्रेडरिकची जीभही आता जड झाली होती.

"कायच नाय दाबलं तर?"

"वेळ लावता येतो. तेवढ्यात बटन दाबलं नाही, तर ते आपोआप ठरवलेलं काम करतं. जास्तीत जास्त नव्व्याण्णव सेकंद."

"लाव."

"आणि मग काय करू दे?"

फ्रेडरिकने दाराकडे पाहिलं. मागच्या पडवीत त्याची बायको रेजिना बोंबील साफ करत होती. रोज चार वाजता ती त्याला मशीनपुढे बसवायची, त्याचं बोट उचलून बटनावर ठेवायची आणि दिवेलागणीपर्यंत शेजारी बसून राहायची.

"तिला सांग. पुरे आता."

"तूच सांग ना."

"तोंडानं नाय सांगवत."

थोरल्याचा शब्द ज्युलियसने कधी मोडला नव्हता. नाक ओढत त्याने फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांत ओळ घातली: 'रेजिना, पुरे झालं. आता ऊठ.'

चार वाजता रेजिना हात पुसत आली. तिने मशीन लावलं, नवऱ्याचं बोट स्पेसबारवर ठेवलं आणि स्टुलावर बसली. ज्युलियस मनात आकडे मोजत होता. चाळीस झाले. सत्तर झाले. बोट हललं नाही. यादी गेली आणि ती एकच ओळ समोर आली.

रेजिनाने ओठ हलवत ती वाचली. नवऱ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

"ज्युलियस, तू कायतरी बिघडवलंस. पहिल्यासारखं कर."

"वहिनी, हे मी नाही..."

"पहिल्यासारखं कर म्हनते ना!"

त्याने भावाकडे पाहिलं. फ्रेडरिकने डोळे मिटून घेतले होते आणि मिटलेल्या पापण्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायलाही त्याचा हात उठत नव्हता. ज्युलियसने फाइल पुन्हा उघडली, ती ओळ खोडली आणि नव्व्याण्णवचा आकडाही काढून टाकला.

"आता किती वेळ थांबेल?" रेजिनाने विचारलं.

"कोणी बटन दाबेपर्यंत."

तिने पदराने नवऱ्याचे डोळे टिपले, घसरलेलं बोट उचलून पुन्हा बटनावर ठेवलं आणि स्टूल आणखी जवळ ओढलं.