टेकडीपलीकडचा धूर

क्रांतीनं दोन वर्षं दक्षिण फ्रान्समधल्या कोर्बिएर भागात ओडेतबाईंच्या द्राक्षमळ्यावर काम केलं होतं. परवा बाईंनी पाठवलेली तिथली लाल वाइन घरी पोहोचली. ती मटणाबरोबरच प्यायची, असं त्या नेहमी सांगायच्या. म्हणून क्रांतीनं शाहूपुरीतल्या घरी दुपारी मटण शिजवलं.

भाऊ राजवर्धननं घोट घेतला. "तुरट हाय गं. पण तांबड्या रश्श्यासंगं झ्याक लागतीया की!"

हे सांगायला क्रांतीनं बाईंना व्हिडिओ कॉल लावला. बाई हसल्या, पण त्यांच्या मागची खिडकी पिवळट दिसत होती.

"तो धूर कसला?" क्रांतीनं विचारलं.

"टेकडीपलीकडं रान पेटलंय. लांब आहे. तू जेव."

तेवढ्यात खिडकीचं दार धाडकन आपटलं. तिथला वारा क्रांतीला ठाऊक होता. आता तो टेकडीकडून घराकडं सुटला होता.

"बाई, आत्ताच्या आत्ता गाडी काढा!" ती ओरडली.

बाईंनी वळून पाहिलं आणि फोन टेबलावर टाकला. पडद्यावर नुसतं पांढरं छत राहिलं. ते हळूहळू नारिंगी झालं. राजवर्धनचा घास हातातच राहिला. मग कॉल तुटला.

क्रांती नंबर लावत राहिली. संध्याकाळी एवढाच मेसेज आला, "मी गावच्या शाळेत आहे. मळा गेला."