आधी डोळे

बायकोचा तेरावा झाल्यावर अजिनाथ सरांनी कॉलेजात पहिला तास घेतला, तो नेमका अमेरिकेतल्या इरोक्वा लोकांचा. गोरे वसाहतवाले त्यांच्याशी जमिनीचे करार करायला यायचे, पण तिथली रीत कडक होती. समोरच्याच्या घरात मयत झाली असेल तर कामाचं बोलणं नंतर. आधी पाहुण्यानं दोन शब्द बोलून त्याचे डोळे पुसायचे, कान मोकळे करायचे, गळा मोकळा करायचा. गोऱ्यांनाही ते शिकावं लागलं.

पोरांनी लिहून घेतलं. तास संपल्यावर प्राचार्यांनी सरांच्या हातात परीक्षेचं वेळापत्रक ठेवलं आणि ते निघून गेले.

घरी आले तर तेरावा उरकून पुण्याला परतलेला माउली, त्यांचा एकुलता मुलगा, पुन्हा येऊन कागद पसरून बसलेला.

"आबा, होटगीच्या रानाला गिऱ्हाईक आलंय. सही करा की."

सरांनी सवयीनं स्वयंपाकघराकडं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं.

"करतो," ते म्हणाले. "पण माउली, जमीन मागायला आलेले परकेसुद्धा आधी डोळे पुसायचे रे."

"कुणाचे?" माउलीनं विचारलं, आणि पेनाचं टोपण काढून पेन पुढं केलं.